चौथं चाक हवेत

कार्ट वळणात शिरताना तिच्या मागच्या आतल्या चाकावर नजर ठेवा. वळण डावीकडचं असेल तर डावं चाक, उजवीकडचं असेल तर उजवं. क्षणभर ते जमिनीला टेकलेलंच नसतं. अंतर अगदी थोडं, काही मिलिमीटरचं. पण उन्हात नीट पाहिलं तर चाक आणि त्याची सावली यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसते. तेवढ्या वेळात नऊ-दहा वर्षांची एखादी पोरगी तीन चाकांवर वळण घेऊन पुढे गेलेली असते. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, गाडी उलटता उलटता वाचली. खरं तर ते चाक उचललं जावं म्हणूनच अख्खी गाडी तशी बांधलेली असते. उचललं गेलं नाही, तर बिघाड तिथे आहे.

असं का, हे कळायला आधी वळणाचं गणित पाहायला हवं. कोणतीही गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मोटारीत यासाठी डिफरन्शियल असतं. ही दातेरी चाकांची पेटी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देते. बैलगाडीला तिची गरजच पडत नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात. बैल वळले की बाहेरचं चाक आपसूक जास्त फिरतं. कार्टकडे यातलं काहीच नाही. मागे आरपार एकच पोलादी एक्सल, दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली चाकं, आणि इंजिनाची चेन थेट त्या एक्सलला फिरवणारी. एक चाक जितकं फिरेल तितकंच दुसरं. अशी गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरणारच. तिला वळवायचं तर एक चाक रस्त्यावर फरफटत न्या, नाहीतर ते उचलून धरा.

उचलायचं कसं? जॅक नाही, पंप नाही, कोणतीही यंत्रणा नाही. पुढची चाकं ज्या किंगपिनांभोवती वळतात, ते मुद्दाम तिरके बसवलेले असतात: वरचं टोक थोडं मागे आणि थोडं आत झुकलेलं. त्यामुळे स्टीअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक वळता वळता खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर सरकतं. गाडीचा भार मग आतलं पुढचं आणि बाहेरचं मागचं अशा एका कर्णावर येतो. वळणाचा जोर सगळं वजन बाहेर ढकलतच असतो. उरलेला कोपरा, म्हणजे मागचं आतलं चाक, मोकळा होतो आणि उठतो. या सगळ्यात चौकटही पिळली जाते. अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्या जोडून केलेली ही चौकट वळणात वेडीवाकडी होते आणि वळण संपता संपता पुन्हा सपाट होते. ते सपाट होणंही वेळेवर व्हायला हवं. चाक लवकर टेकलं तर मागची दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात आणि इंजिनाचा दम तुटतो. उशिरा टेकलं तर सरळ रस्ता लागल्यावरही सगळी ताकद एकाच टायरवर जाते आणि गाडी उड्या मारत बाहेर पडते. एका वळणाचा सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा.

मला या यंत्राचं खरं नवल वाटतं ते त्यात जे नाही त्यामुळे. सस्पेन्शन नाही, शॉकअब्सॉर्बर नाही, स्प्रिंग नाही. बहुतेक वर्गांत गिअर नाहीत. लहान मुलांच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या एक्सलवर. पॉवर स्टीअरिंग नाही. छप्पर नाही, आणि म्हणून सीटबेल्टही नाही. हे ऐकून पालक हादरतात, पण कारण सरळ आहे. डोक्यावर पिंजरा नसलेल्या गाडीत माणूस बांधून ठेवला आणि ती उलटली, तर तो तिच्याखाली सापडेल. त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा. मोटार अधिक सुखाची करण्यासाठी शंभर वर्षांत जे जे जोडलं गेलं, ते जवळजवळ सगळं इथे काढून ठेवलेलं आहे.

काढून ठेवलेलं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही, कारण पहिल्या कार्टमध्ये ते कधी नव्हतंच. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिरानं लू बोरेली या मित्राच्या मदतीनं पहिली कार्ट बनवली. इंगल्स कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कामाला होता, आणि इंडियानापोलिसच्या शर्यतीत धावणाऱ्या गाड्या हा कारखाना बांधत असे. दिवसभर जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना हात लावणाऱ्या माणसानं स्वतःसाठी काय बांधावं? चार नळ्या, चार चाकं आणि गवत कापायच्या यंत्राचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन. पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमचं मोकळं पार्किंग हे या गाड्यांचं पहिलं मैदान. पुढे १९६२ मध्ये या खेळासाठी आंतरराष्ट्रीय आयोग आला, १९६४ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. पण मूळ कल्पना तीच राहिली: वळायला, पळायला आणि थांबायला लागतं तेवढंच ठेवायचं.

यातून निघणारे आकडे चक्रावून टाकतात. रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीचं १२५ सीसीचं इंजिन मोठ्यांच्या वर्गात सुमारे ३० अश्वशक्ती देतं. कार्ट आणि चालक मिळून वजन साधारण १६० किलो. म्हणजे टनामागे १८५ अश्वशक्तीहून जास्त. आपल्या रस्त्यावरची साधी हॅचबॅक याच्या निम्म्यालाही पोचत नाही. त्यात चालकाची बैठक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, त्यामुळे साठचा वेग शंभराचा वाटतो. आणि या इंजिनाची एक गंमत म्हणजे तेच इंजिन मुलांबरोबर वाढतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या मायक्रो मॅक्स वर्गातही मूळ इंजिन १२५ सीसीचंच असतं. फक्त त्याचा श्वास आवळून ताकद कमी केलेली असते. मूल मोठं होतं तसा गळा मोकळा करत जायचा. मायक्रो, मिनी, ज्युनिअर, सीनिअर.

आता कुटुंबाकडे येतो, कारण या यंत्रात कुटुंब उगाच येत नाही. सस्पेन्शन काढलं म्हणून त्याचं काम संपलं नाही. ते काम आता चौकट करते, सीट करते, आणि सीटमध्ये बसलेलं मूल करतं. कार्टची फायबरग्लासची सीट बसण्यापुरती नसते. ती चौकटीला बोल्टांनी जखडलेली असल्यामुळे चौकटीचाच भाग असते. सीट सेंटिमीटरभर मागे घेतली की मागच्या चाकांवरचा भार बदलतो आणि गाडीचा स्वभावच पालटतो. साधारणपणे वजनाचे चाळीस-त्रेचाळीस टक्के पुढे आणि उरलेलं मागे, अशा हिशेबात ती बसवतात. आणि या वजनाचा मोठा हिस्सा कोण? चालक. लहान वर्गात मूल हा गाडीचा सर्वांत जड सुटा भाग असतो, शिवाय वर्षभरात उंची आणि वजन बदलणारा एकमेव भाग. मार्चमध्ये जमवलेली सीट दिवाळीपर्यंत घट्ट होते.

इथेच आईबाबांच्या हातात पाना येतो. मोठ्या मोटार शर्यतीत एका गाडीमागे अभियंत्यांचा ताफा असतो. कार्टच्या तंबूत बहुधा एक मेकॅनिक असतो आणि बाकी घरची माणसं. बाबा चेनला तेल घालतात, मागच्या स्प्रॉकेटचे दात ठरवतात. दोन दात जास्त लावले तर वळणातून गाडी चटकन सुटते, पण लांब सरळ रस्त्यावर इंजिन ओरडत राहतं आणि वेग वाढत नाही. कोणी टायरमधली हवा मोजतं. मोटारीत तीस-पस्तीस पीएसआय असते, इथे दहा-पंधरा, आणि अर्ध्या पीएसआयवर वाद होतात. शर्यतीत टायर तापतात, आतला दाब वाढतो. म्हणून थंड असताना किती भरायची ते शेवटच्या फेरीचा विचार करून ठरवायचं. सकाळी आठला लागू पडलेला आकडा दुपारी दोनला उपयोगाचा नसतो. म्हणून तंबूत एक वही लागते: वेळ, डांबराचं तापमान, हवा, स्प्रॉकेट, सर्वांत जलद फेरी. माझ्या मते ही वही गाडीतल्या कोणत्याही महागड्या भागापेक्षा जास्त मोलाची, आणि ती लिहायला ना ताकद लागते ना यांत्रिकी. धाकटा भाऊ, आजोबा, कोणीही लिहू शकतं. अनेक घरांत ‘आपणही यात आहोत’ ही भावना त्या वहीपासूनच सुरू होते.

शर्यत संपली की वजनकाटा. गाडी आणि चालक यांचं मिळून किमान वजन नियमात ठरलेलं असतं; हलक्या मुलांच्या सीटला शिशाचे तुकडे बोल्टनं लावतात. वजन अर्ध्या किलोनं कमी भरलं तरी पहिला नंबर हातचा जातो. मुलाच्या ताटात किती वाढायचं हा प्रश्न मग तांत्रिक होतो. पण वजनासाठी वाढत्या मुलाचं खाणं आवळणारे पालक जगभरच्या तंबूंत सापडतात, आणि तिथे मात्र मला कौतुक वाटत नाही. शिसं कमी करता येतं. मुलाला वाढू द्यावं.

आता सर्वांत नाजूक भागाकडे. या गाडीला बिघाड सांगणारे सेन्सर फार थोडे असतात. स्टीअरिंगवरचा छोटा पडदा फेरीची वेळ, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान दाखवतो; वळणात गाडीनं नेमकं काय केलं हे तो सांगत नाही. ते कळतं मुलाच्या पाठीला, बरगड्यांना आणि तळहातांना. वेगवान कार्टमध्ये वळणात शरीरावर वजनाच्या दुपटीपर्यंतचा आडवा जोर येतो. सीटची कडा बरगड्यांवर आदळते, म्हणून आत कडक जॅकेट घालतात. मानेवर ताण येतो, म्हणून मुलांची हेल्मेट मुद्दाम हलकी असतात आणि त्यांचं मानक वेगळं असतं. गाडीची सगळी खबर या शरीरातून येते आणि ती बाहेर पडायला एकच वाट आहे: मुलाचं बोलणं.

‘‘बाबा, मागचं सरकतंय.’’ ‘‘पुढचं वळतच नाही गं आई, मी स्टीअरिंग फिरवते आणि ती सरळच जाते.’’ ही दोन वाक्यं म्हणजे दोन वेगळे आजार, दोन उलटे उपचार. मागचं सरकत असेल तर मागच्या चाकांमधलं अंतर बदलून बघा, एक्सल कमी-जास्त कडक घाला. पुढचं वळत नसेल तर पुढची चाकं बाहेर घ्या, किंगपिनचा कल वाढवा. कुठल्या वळणात, शिरताना की बाहेर पडताना, ब्रेकवर असताना की सोडल्यावर, हे जितकं नेमकं कळेल तितका उपचार अचूक.

आणि आता कल्पना करा की हेच मूल हरून तंबूत आलंय आणि बाबांचा चेहरा उतरलाय. ‘‘तिसऱ्या वळणात काय केलंस हे?’’ मूल काय सांगेल? ‘‘काही नाही, ठीक होती गाडी.’’ संपलं. गाडीतला एकमेव खरा सेन्सर खोटं बोलायला लागला. पुढच्या फेरीसाठी बाबा कितीही वाकबगार असोत, ते आता अंधारात पाना फिरवणार. मुलांना रागावू नये, हे आपण संस्कार म्हणून ऐकत आलोय. कार्टिंगमध्ये तो शुद्ध तांत्रिक नियम आहे. जाणती कुटुंबं म्हणून एक साधी शिस्त पाळतात. हेल्मेट उतरल्यावर आधी पाणी, मग गाडीबद्दल प्रश्न, आणि निकालाबद्दल बोलणं घरी जाताना. ‘‘तू काय चुकलीस?’’ असं विचारायचं नाही. ‘‘गाडी काय करत होती?’’ असं विचारायचं.

शूमाखर कुटुंबाची गोष्ट यासाठीच मला भावते. जर्मनीत कोलोनजवळच्या केर्पन गावात, पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या मायकलचे वडील रॉल्फ गवंडीकाम करायचे. चार वर्षांच्या मुलाच्या पायडलच्या गाडीला त्यांनी मोपेडचं इंजिन जोडलं. पोरानं ती दिव्याच्या खांबावर नेऊन आदळली. तेव्हा आईवडिलांनी गाडी काढून न घेता त्याला गावच्या कार्टिंग ट्रॅकवर नेलं आणि तो क्लबचा सर्वांत लहान सभासद झाला. टाकून दिलेल्या भागांतून वडिलांनी कार्ट बांधली, आणि सहाव्या वर्षी मुलानं क्लबचं अजिंक्यपद घेतलं. खर्च झेपावा म्हणून रॉल्फनी ट्रॅकवरच कार्ट भाड्यानं देण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुसरं काम धरलं, आई ट्रॅकच्या कँटीनमध्ये कामाला लागली. तरी एकदा आठशे मार्कांचं इंजिन घेणं परवडेना. गावातल्या व्यावसायिकांनी हात दिला. जर्मनीत शर्यतीच्या परवान्याला चौदा वर्षं पूर्ण असावी लागत, म्हणून बाराव्या वर्षी त्यानं लक्झेंबर्गचा परवाना काढला.

इंग्लंडमध्ये फॉर्म्युला वनच्याच लुइस हॅमिल्टनच्या वडिलांनी, अँथनींनी, मुलाच्या कार्टिंगसाठी एका वेळी चार-चार कामं केली. घरांच्या विक्रीच्या पाट्या रोवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ट्रॅकच्या कडेला उभं राहून ते चांगले चालक नेमके कुठे ब्रेक मारतात ते पाहायचे, मग त्याच्या थोडं पुढे जाऊन उभे राहायचे. लुइसनं तिथे ब्रेक मारायचा. किती स्वस्त उपकरण! पायी चालत जाऊन उभा राहिलेला एक बाप. हॅमिल्टनचं उशिरा ब्रेक मारणं पुढे जगभर गाजलं.

मात्र या गोष्टी सांगताना एक पथ्य पाळावं. फ्रान्सच्या एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं, कॅराव्हॅनमध्ये संसार थाटला आणि युरोपभर एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर फिरले; मुलगा फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कारण तो पोचला. घर विकूनही न पोचलेल्यांच्या गोष्टी छापल्या जात नाहीत. हा खेळ महाग आहे आणि दरवर्षी महाग होत जातो: टायर झिजतात, इंजिनाची दुरुस्ती ठरलेल्या तासांनी करावीच लागते, प्रवास असतोच. पैशाचा जोर थोडा तरी कमी व्हावा म्हणून रोटॅक्सची इंजिनं सीलबंद येतात. अधिकृत केंद्राशिवाय कोणी ती उघडायची नाहीत. त्यांच्या जागतिक अंतिम स्पर्धेत तर गाड्या आयोजकच देतात आणि कुणाला कोणती मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. तिथे बापाचा खिसा आणि हातचलाखी दोन्ही दाराबाहेर.

आपल्याकडे हा खेळ वाटतो तितका परका नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. बंगळुरू, हैदराबाद, कोइमतूर आणि आता चेन्नई ही या खेळाची बाकीची ठिकाणं. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या देशव्यापी शोधमोहिमेतून निवडला गेला, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. २०२० मध्ये तो बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. मुलांसाठी स्पर्धेचा परवाना एफएमएससीआय ही मोटार खेळांची राष्ट्रीय संघटना देते. त्याचा आरटीओच्या लायसन्सशी काही संबंध नाही. म्हणजे ज्या मुलीला सोसायटीच्या फाटकाबाहेर स्कूटी न्यायला अजून बरीच वर्षं आहेत, ती ट्रॅकवर तुमच्या मोटारीपेक्षा चपळ वाहन कायदेशीरपणे चालवते.

आणि आपला पाऊस! कोरड्या ट्रॅकवर टायरचं रबर घासून एक काळा पट्टा तयार होतो, त्यावरून जाणं सर्वांत जलद. पाऊस पडला की तोच पट्टा साबणासारखा होतो, मग जाणती मुलं तो सोडून वळणाच्या बाहेरून, खडबडीत डांबरावरून जातात. ओल्या रस्त्यावर वळणाचा जोर कमी पडतो, त्यामुळे आतलं चाक उचलेनासं होतं. म्हणून पुढची चाकं बाहेर आणि मागची आत घेऊन, किंगपिनचा कल वाढवून ते मुद्दाम उचलायला लावतात. कोरड्यात शिकलेलं जवळजवळ सगळं उलटं. अशा वेळी तंबूत दहा मिनिटांत सगळं बदलायची धावपळ पाहण्यासारखी असते: एक चाकं काढतो, एक नट पकडून उभा, एक आकाशाकडे बघून सांगतो की थांबणार नाही.

सुरुवात करायला यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. पुण्यात, मुंबईत, गोव्यात भाड्याच्या कार्ट मिळतात. फोर-स्ट्रोक इंजिन, भोवती जाड बंपर, दहा मिनिटांचा वेळ. मुलाला खरंच आवड आहे का हे तिथेच कळतं. एक खूण सांगतो. नुसत्या वेगाची मजा वाटणारं मूल उतरल्यावर ‘‘किती जोरात गेली!’’ म्हणतं. ज्याला हा खेळ लागलाय ते छापील वेळांचा कागद घेऊन विचारतं, पाचव्या फेरीत मी हळू का झालो.

आणि आईबाबांनी स्वतःही एकदा बसावं. लांबून बघून ‘‘जरा उशिरा ब्रेक मार’’ म्हणणं सोपं असतं. सीटमध्ये बसल्यावर कळतं की ब्रेक मारायच्या जागी डोळ्यांना काहीच स्थिर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि बरगड्या दुखतील, आणि ‘मागचं सरकतंय’ म्हणजे नेमकं काय ते पाठीला कळलेलं असेल. ज्यांना तिथेच थांबवत नाही त्यांच्यासाठी रोटॅक्सच्या दोन गिअरवाल्या डीडी-टू गाड्यांचा मास्टर्स वर्ग आहे. वयाची अट तिथेही असते, फक्त उलटी: बत्तीसच्या खालच्यांना प्रवेश नाही.